हद्द शिवून येणारी गाडी

नरहर गुल्हाने उतारावर स्कूटर बंद करतो. उड्डाणपुलाच्या माथ्यावर किल्ली फिरवायची आणि खालच्या पानठेल्यापर्यंत घरंगळत जायचं. मागून हॉर्न वाजतात. तो वळून बघत नाही.

पेपर तो शेजारच्या बापूरावांकडे वाचतो. त्यातलं शब्दकोडं पेनाने सोडवतो आणि मग पेपर परत देतो.

टीव्हीच्या रिमोटवरची प्लास्टिकची पन्नी त्याने अजून काढलेली नाही. आतले आकडे पुसट झालेत, पन्नी पिवळी पडली आहे.

भाजी घेतली की कोथिंबीर मागतो. कोथिंबीर मिळाली की मिरच्या. मिरच्या मिळाल्या की पिशवी.

लग्नाला गेला की आहेराचं पाकीट उघडंच ठेवतो. आधी जेवणाच्या मांडवात चक्कर मारतो, काय काय आहे ते बघतो. पाकीट त्यानंतर चिकटतं.

कोणी काही नवीन घेतलं की किंमत विचारतो. किंमत कळली की हसतो. "मले विचाराचं होतं ना," म्हणतो. कमी भावात कुठे मिळतं ते मात्र आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आणि कुठल्याही बोलण्याची सुरुवात "नियम काय म्हणते" अशी करतो.

हे सगळं शरयूने कधी मुद्दाम टिपून ठेवलं नव्हतं. ती त्याची बायको होती, एवढंच. एका छपराखाली राहिलं की माणूस दिसतोच.

नरहर वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात सीनियर क्लार्क. घर सिंदी मेघेत. गल्लीत त्याला हुशार समजतात. कोणाच्या मीटरचं बिल जास्त आलं, कोणाच्या जावयाचा पीएफ अडकला, तर माणसं नरहरभाऊंकडे येतात. तो नियम सांगतो. कामं होत नाहीत. पण नियम ऐकून माणसं समाधानाने घरी जातात. याचं शरयूला दरवेळी आश्चर्य वाटे.

शरयू देवळीच्या पुढच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका. एसटी फाट्यावर सोडते. तिथून गावापर्यंत पायी, नाहीतर कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे. दोन्ही गुडघे बोलायला लागले तेव्हा तिने गाडी शिकायचं ठरवलं. क्लास लावला, लायसन काढलं. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. स्वतः गाडी चालवत शाळेत जायचं, एवढीच तिची इच्छा होती. तिने ती घरात एकदाच बोलून दाखवली आणि तिथेच फसली, कारण नरहर म्हणाला, "गाडीचं मी पाह्यतो."

नवी कोरी गाडी घ्यायची नाही यावर दोघांचं एकमत होतं. शोरूममधून निघून वर्षही न झालेली, सीटचा वास न गेलेली, अशी बघायची. नागपूरला एका डीलरकडे तशी गाडी होती. लाल रंगाची, नागपूरच्याच नंबरची. शरयू आत बसली, आरसा हलवून बघितला आणि तिला वाटलं, झालं.

डीलर म्हणाला, "टॅक्सची चिंता नाई भाऊ. आपल्या राज्यात खाजगी गाडीचा टॅक्स एकदाच लागते. पयल्या मालकानं भरला, तो गाडीसंगंच येते. तुम्ही फक्त नाव चढवून घ्या."

"म्हंजे त्यानं भरलेला टॅक्स तू मले विकून राह्यला," नरहर म्हणाला.

"विकून नाई भाऊ. किमतीत धरला आहे."

"तेच तं. तो किमतीतून काढ. मंग बोलू."

डीलर शरयूकडे बघत राहिला. शरयू आरशात बघत राहिली. गाडी तिथेच राहिली.

मग पांढुर्ण्याची गाडी निघाली. पांढुर्णा म्हणजे हद्दीपलीकडचं, मध्य प्रदेशातलं. मालक पवन साहू, संत्र्याचा व्यापारी. त्याने मोठी गाडी बुक केली होती म्हणून ही विकत होता. मॉडेल तेच, रंग पांढरा, नंबर छिंदवाड्याचा, भाव नागपूरपेक्षा बराच खाली. का खाली, ते साहूने स्वतःच सांगितलं. माणूस सरळ होता.

"भाईसाहब, एनओसी मैं छिंदवाडा से निकलवा देता हूँ. लेकिन महाराष्ट्र में टॅक्स आपको नये सिरे से भरना पडेगा. इधर का जो बचा है वो बाद में वापस माँग सकते हैं. टाइम लगता है, मिलता है. सब जोडके देख लो."

"देख लिया," नरहर म्हणाला. त्याने काहीही जोडून बघितलं नव्हतं. त्याने फक्त खालचा भाव बघितला होता. पैसे शरयूच्या खात्यातून गेले. सौदा नरहरने स्वतःच्या नावाने केला.

परत येताना त्याने गाडी चालवत चालवत शरयूला शिकवलं. "नियम काय म्हणते? दुसऱ्या राज्याचा नंबर इथं बारा महिने चालते. म्हंजे बारा महिने भरले तं टॅक्सचा प्रश्न. भरूच नाई दिले तं?"

"म्हणजे?"

"मधातच हद्द शिवून याची. गाडी तिकडं गेली का इकडची मोजणी खतम. आली का पयल्यापासून सुरू."

शरयूच्या शाळेत दुसरीतली मुलं पकडापकडी खेळताना भिंतीला हात लावून ओरडत, आता मी सुटलो. मुलं सात वर्षांची असत.

"अन् टॅक्स भरून टाकला तर?" तिने विचारलं.

"तं मंग लोकायत अन् आपल्यात फरक काय राह्यला?"

तिने खिडकीची काच वर केली.

पहिले काही दिवस मात्र तिचे होते. सकाळी ती गाडी काढी. बोरगाव मेघेच्या वळणावर इला उभी असे. इला तिच्याच शाळेत नवी लागलेली, मराठीत एम.ए. झालेली, बोलायला लागली की थांबत नसे. पण गाडीत बसली की तीही गप्प होई आणि शरयूचे हात बघत राही. फाटा आला की एसटीतून उतरणारी माणसं दिसत. शरयू वेग कमी करी, एखाद्या म्हातारीला मागे बसवी. गावात शिरताना मुलं गाडीमागे धावत. गुडघे गप्प होते. फळ्यावरचं हस्ताक्षरसुद्धा सुधारलं, असं तिचं तिलाच वाटे.

"ताई, आज तुम्ही गाणं म्हणत होता," इला एकदा म्हणाली.

"चल. गिअरचा आवाज असेल."

मग कोणीतरी ऑफिसात नरहरला सांगितलं, की देवळी रस्त्यावर आरटीओचं फिरतं पथक उभं राहतं आणि बाहेरच्या नंबरच्या गाड्या बाजूला घेतं. त्याच संध्याकाळी त्याने गाडीला चंदेरी कव्हर घातलं आणि दोऱ्या चारही चाकांना बांधल्या.

"आता काही दिवस एसटीनं जा."

"किती दिवस?"

"वातावरण पाहून सांगतो."

वातावरण निवळलं नाही. गाडी शाळेसाठी घेतली होती. शाळा सोडून ती सगळीकडे जाऊ लागली. म्हणजे एकाच ठिकाणी. दर काही आठवड्यांनी रविवारी नरहर तिला हद्द शिवायला नेई. शरयूला सोबत घेई, कारण डबा तिच्याकडे असे. बापूरावांना घेई, कारण कौतुक करायला कोणीतरी लागे.

हद्दीच्या पाटीपुढे थोडं जाऊन तो गाडी वळवे, पाटीजवळ थांबवे आणि खाली उतरे.

"काढा बापूराव. पाटी पुरी आली पाह्यजे. मी अर्धा आलो तरी चालन."

बापूराव फोटो काढत. "नरहरभाऊ, सरकारले टोपी घातली तुम्ही. मानलं बाप्पा."

"टोपी नाई हो. नियम."

त्याआधी पलीकडच्या पंपावर थोडंसं पेट्रोल भरलेलं असे. त्याचं बिल तो समोरच्या कप्प्यात ठेवी. चहा थर्मासमधून, झाडाखाली उभ्याने. तिथे टपरी होती, पण टपरीवर चहाचे पैसे पडतात. मग घर, कव्हर, दोऱ्या. या येण्याजाण्यात किती पेट्रोल जळतं याचा हिशेब शरयूने केला नाही. केला असता तर तिला हसू आलं असतं, आणि ते थांबलं नसतं.

ती मागच्या सीटवर बसे. हायवेवर तिला गाडी द्यायला नरहर तयार नव्हता. "ठोकशीन," म्हणे. स्वतः सीट बेल्ट लावत नसे, कारण पोटावर शर्ट चुरगळतो.

एका सोमवारी साहूचा फोन आला. नरहरने स्पीकर लावला होता, पोळी खात होता.

"भाईसाहब, आपने बेल्ट नहीं लगाया. चालान मेरे फोन पे आया है. फोटो भी है. भाभीजी पीछे बैठी हैं, गोद में डबा है."

"हाँ हाँ, देखते हैं."

"गाडी अपने नाम करवा लो ना, भाईसाहब. एनओसी तो मैंने कब की दे दी."

"चालू है, चालू है, प्रोसेस में है."

फोन ठेवून त्याने भाजी वाढून घेतली. "त्याच्या नावावर हाय तं तोच भरन ना. आपल्याले काय करा लागते?"

शरयूने भाजीचं पातेलं उचललं आणि आत नेलं. कंजूष माणूस तिला माहीत होता. त्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. पण ज्याने सगळं खरं सांगून गाडी विकली त्याच्याच डोक्यावर स्वतःचा दंड ठेवून हा माणूस ताटात भाजी मागतो, हे तिला नवीन होतं. ओट्यापाशी तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. बाहेरून त्याचा आवाज आला, "काऊन, भाजी संपली का?"

दिवाळीनंतर शाळेत तपासणी होती. सकाळची एसटी आलीच नाही. स्टँडवर इला फोनवर फोन करत होती. शरयू घरी परतली, चारही दोऱ्या सोडल्या, गाडी काढली आणि इलाला स्टँडवरून घेतलं. नरहर ऑफिसला गेलेला होता.

देवळीच्या अलीकडे पथक उभं होतं. इन्स्पेक्टर बाई होती, तरुण, टोपी काखेत. तिने हात केला. शरयूने गाडी व्यवस्थित बाजूला घेतली, इंडिकेटर लावून.

"गाडी कुठली?"

"छिंदवाड्याची."

"ते दिसतंय मॅडम. असते कुठे?"

शरयूने नरहरला फोन लावला. त्याचा आवाज फोनबाहेर येण्याइतका मोठा होता.

"घाबरू नको. काल आली म्हण. साहू तुहा मानलेला भाऊ हाय म्हण. राखीले आलता, गाडी ठेवून गेला."

इन्स्पेक्टर बाई फोनकडे वाकली. "राखीला बरेच दिवस झाले, दादा."

फोन बंद झाला.

"विमा कोणाच्या नावावर आहे?"

"साहूंच्याच."

"म्हणजे उद्या तुमच्या गाडीखाली एखादं लेकरू आलं, तर कंपनी पहिला प्रश्न विचारेल, ही बाई कोण. काय सांगाल?"

गावात शिरताना गाडीमागे धावणारी मुलं शरयूला दिसली. तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"गाडी उन्हाळ्यापासून इथेच आहे," ती म्हणाली. "सिंदी मेघेला. मीच चालवते. अधूनमधून हद्दीला नेऊन आणतो. त्याने मोजणी नवी होते म्हणे."

"कोण म्हणे?"

"घरचे."

इन्स्पेक्टर बाई हसली नाही, पण त्यासाठी तिला कष्ट पडले. "मॅडम, बारा महिन्यांची सवलत नंबर बदलण्यापुरती आहे. टॅक्सला ती नाही. गाडी इथे वापरायला आणून ठेवली की टॅक्स लागला. आणि हद्द शिवून सगळं नवं होत असतं ना, तर मी माझं वय घेऊन गेले असते."

इला तोंडाला रुमाल लावून हसली.

शाळा, तपासणी, बाईमाणूस, हे सगळं बघून इन्स्पेक्टरने गाडी अडवून ठेवली नाही. आठवडाभराची नोटीस दिली. तेवढ्यात टॅक्स आणि दंड भरा, नाहीतर गाडी उचलू. शरयू म्हणाली, भरते. पैसे अजून खात्यात होते. तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

पण अर्ज नरहरच्या नावाने व्हायला हवा होता. पैसे तिचे आणि कागद त्याचे. उचलू हा शब्द ऐकून तो आला खरा. शरयूने अर्धी रजा टाकली. आरटीओ ऑफिसात रांग होती. खिडकीत एक मुलगी बसली होती, तिने कॉम्प्युटरवर बघून रक्कम सांगितली.

"कशावर काढली?" नरहरने विचारलं.

"गाडीच्या मूळ किमतीवर. वयाप्रमाणे कमी होऊन."

"पण मी त्या किमतीले घेतलीच नाई. मी घासाघीस करून घेतली. माह्या घासाघिशीचं काय?"

"ते तुमच्यात आणि विकणाऱ्यात, काका. आम्ही पहिलं बिल धरतो."

"बरं, जाऊ द्या. कमीत कमी किती होते ते सांगा."

रांगेतला एक जण मोठ्याने हसला. "भाऊ, संगं कोथिंबीर मागा," म्हणाला.

शरयूला जमीन दिसत होती, तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या दिसत होत्या. ती तिथेच बघत राहिली. मुलीने कागद उलटेपालटे केले.

"तसंही आज होणार नाही. एनओसीची मुदत संपली. नवी आणा, मग भरा."

दुसऱ्या कोणाचा चेहरा पडला असता. नरहरचा उजळला. तो रांगेकडे वळला. "पाह्यलं? मी भराले आलो, तं हेच घेत नाई. लक्षात ठेवजा, गवाह आहा तुम्ही." आणि घरी येऊन त्याने बापूरावांना हीच गोष्ट सांगितली, तीत आरटीओने हात टेकले होते. नोटिशीवरही त्याच्याकडे उपाय होता. रविवारी हद्द शिवून आलं की नोटीस आपोआप पडते.

"कुठल्या नियमात?" शरयूने विचारलं.

"तुले नाई समजाचं."

तिला सगळं समजलं होतं. टॅक्सची अडचण नव्हती. टॅक्स म्हणजे खिडकीवर भरून मोकळं व्हायची गोष्ट होती. या माणसाला गाडी चालवायचीच नव्हती. त्याला फक्त इतरांपेक्षा स्वस्तात गाडी पटकावलेला माणूस म्हणून पाटीखाली उभं राहायचं होतं. तेवढ्यासाठी तिने पुन्हा फाट्यावरून चालायचं, कोणाच्या मोटारसायकलवर बसायचं, आणि राखीच्या खोट्या गोष्टी सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने शाळेच्या ओसरीवरून साहूला फोन लावला. नवी एनओसी मागायला.

"निकलवा दूँगा, भाभीजी," साहू म्हणाला. मग थांबून म्हणाला, "पर फिर रख देंगे ना वो, अलमारी में?"

अंगणात मुलं ताटं धूत होती.

"साहूजी," ती म्हणाली, "गाडी अभी भी आपके नाम पे है. आप ही वापस ले जाओगे क्या?"

साहूने विचार करायला वेळ घेतला. त्याच्या पुतण्याला गाडी हवी होती. त्याने भाव सांगितला. चालानाचे पैसे वजा करून, घेतल्या भावापेक्षा बराच कमी. आयुष्यभर नरहरच्या शेजारी उभं राहून घासाघीस ऐकलेल्या शरयूने एक पैसाही वाढवून मागितला नाही.

"इतवार को आ जाइए," ती म्हणाली. "सुबह जल्दी. नहीं तो वो खुद ही आपके उधर ले आएँगे."

इला शेजारी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "ताई, दादांना?"

"सांगेन. गाडी गेल्यावर." मग म्हणाली, "पुढच्या शनिवारी शाळा सुटली की नागपूरला येशील माझ्यासोबत? याच राज्यातली बघू. टॅक्स भरलेली. सौदा मी करणार. माझ्या नावाने."

रविवारी सकाळी नरहर हद्दीला जायच्या तयारीत गाडी धूत होता. फोटोत गाडी चकाकली पाहिजे असा त्याचा आग्रह असे. कपडे धुण्याचा साबण त्याने बादलीत कालवला होता आणि जुन्या बनियनने गाडीला सगळीकडून फासला होता. उजवी बाजू पाइपने धुऊन झाली होती, तेवढ्यात ऑटो थांबला. साहू उतरला, मागून पुतण्या.

"अरे साहूजी! चालानसाठी यवढ्या दूर आले का? मी पाठवतच होतो."

"नहीं नहीं, चालान का हो गया." साहूने शरयूला नमस्कार केला आणि फोनवर काहीतरी केलं. शरयूचा फोन वाजला. तिने स्क्रीनवर जमा झालेले पैसे बघितले, मान हलवली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. समोरच्या कप्प्यातली पेट्रोलची बिलं तिने आधीच काढून कचऱ्यात टाकली होती.

"हे काय करून राह्यली तू?" नरहर म्हणाला.

"गाडी परत दिली. त्यांच्याच नावावर होती."

"कितीले?"

एवढंच त्याने विचारलं. का, असं नाही. शरयूने भाव सांगितला. नरहर हसला. सवयीने, तोंडातून आपोआप निघालं, "मले विचाराचं होतं ना." आणि मग आपण काय बोललो ते बहुधा त्याचं त्यालाच ऐकू आलं, कारण हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे दुसरीकडे गेले.

बापूराव फाटकाशी आले होते, फिरायला निघाल्यासारखे, डोक्याला टोपी घालून. "चालली का गाडी? अन् आपण नाई?" म्हणाले.

पुतण्याने गाडी सुरू केली. वायपर फिरला, काचेवरचा फेस दोन्ही बाजूंना सरला. गाडी गल्लीत वळली तेव्हा तिची डावी बाजू दिसली, बोनेटपासून डिकीपर्यंत साबणाने पांढरी, वाळायला लागलेली, बनियनने फासल्याचे गोल गोल पट्टे तसेच.

नरहर पाइप घेऊन फाटकापर्यंत धावला. "ओ साहूजी, रुका ना! ये बाजू रह गयी!"

गाडी थांबली नाही. पाइपची लांबी फाटकापाशी संपली. पाणी रस्त्यावर पडत राहिलं.